काकूंच्या नावावरचे तास

"माझ्या सख्ख्या आईनं उभ्या जन्मात मला इतक्या वेळा 'झोप आता' म्हटलं नसेल, जितक्या वेळा ही डबी म्हणते."

हे पुटपुटणं माझ्या अगदी कानाशी झालं, मित्रांनो. म्हणजे मला कान असते, तर कानाशी. पुटपुटणारे होते शशिकांतकाका, आणि ती डबी म्हणजे मी.

मी एका निळ्या ट्रकमधली जुनी डबी आहे. अमेरिकेत लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा माणूस किती तास स्टिअरिंगवर बसला आणि किती तास झोपला, हे लिहून ठेवायचं एवढंच माझं काम. ड्रायव्हर मला 'लॉग' म्हणतात, चिडले की आणखी बरंच काही म्हणतात. माझे दोन भाग आहेत. एक काळी डबी, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, इंजिनाच्या वायरला जोडलेली. दुसरा पाटीएवढा पडदा, समोरच्या काचेपाशी. डबी इंजिनाची नाडी धरून बसते आणि पडदा ती सगळ्यांना सांगतो. चाकं फिरली की मी आपोआप लिहायला लागते. मला कुणी 'लिही' म्हणावं लागत नाही, आणि 'नको लिहूस' म्हटलेलं मला कळत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरे दिवे होते, टोप्या घातलेल्या बायका होत्या. त्यातल्या एकीनं चिमट्यानं माझ्या पोटात एक चिमुकला तुकडा बसवला आणि मला पुढे सरकवलं. तिच्या डोळ्यांत झोप होती. मी जगात पाहिलेला पहिला चेहरा तो. तेव्हा मला काय ठाऊक, की माझं सगळं आयुष्य अशाच डोळ्यांचा हिशेब ठेवण्यात जाणार आहे.

हिशेब तसा सोपा आहे. दिवसाला अकरा तास गाडी चालवायची, तीही कामाला लागल्यापासून चौदा तासांच्या आत. मधे अर्धा तास थांबायचं. मग सलग दहा तास आराम. हे आकडे कुणी हौसेनं ठरवलेले नाहीत. लोखंड भरलेला ट्रक झोपलेल्या माणसाच्या हातात गेला की काय होतं, हे ज्यांनी पाहिलं त्यांनी ठरवलेत. पूर्वी ड्रायव्हर हे सगळं हातानं लिहायचे, आणि हातानं लिहिलेल्या गोष्टींना हाताळता येतं, हे तुम्हाला शाळेत जाणाऱ्यांना मी काय सांगावं. म्हणून मी आले. चाक फिरल्याचं मी एकदा लिहिलं की ते ड्रायव्हरला पुसता येत नाही, ऑफिसलाही नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. मला ट्रक थांबवता येत नाही. वेळ भरत आली की मी पिवळी होते, भरली की लाल होते आणि टुंग टुंग वाजते. बस. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या आत्याला सगळं दिसतं, ती दिवसभर बोलत असते आणि तिचं कुणी ऐकत नाही, तशी माझी गत.

मला नोव्हाय गावातल्या एका यार्डात या निळ्या ट्रकमध्ये बसवलं. मिशिगनमधल्या या गावात मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांची कामं चालतात आणि आपली मराठी माणसं भरपूर. ट्रकची कंपनी छोटी, विनय नावाच्या माणसाची. तो आधी कॉम्प्युटरवर बसायचा, आता ट्रक फिरवतो, म्हणजे इतरांकडून फिरवून घेतो. ऑफिसात देवयानी. माझ्या नोंदी रोज तपासणं हे तिचं काम. आणि ट्रकवर शशिकांतकाका आणि सुनेत्राकाकू, नवरा-बायको.

काका मूळचे नागपूरचे. वीस वर्षं मोटारींच्या सीटचे आराखडे काढायचे. एक दिवस त्यांचा सगळा विभागच बंद झाला. ते म्हणाले, पुष्कळ मीटिंगा झाल्या, आता सीटवर बसून बघू. त्यांनी ट्रकचं लायसन्स काढलं. पाठोपाठ काकूंनीही काढलं, तेव्हा महाराष्ट्र मंडळात लोक हसले. गणपतीच्या जेवणाला वरणाचं पातेलं उचलायला दोन माणसं मागणारी बाई अठरा चाकांची गाडी चालवणार! पण गाडी मागे घेण्याच्या परीक्षेत काकू पहिल्या झटक्यात पास झाल्या आणि काका दुसऱ्या. हे काकूंनी कुणाला मुद्दाम सांगितलं नाही. फक्त दर वेळी विषय निघाला की सांगितलं, आणि विषय त्याच काढायच्या.

जोडीनं ट्रक चालवणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. एक चालवतो तेव्हा दुसरा मागच्या छोट्या खोलीत झोपतो. तिला स्लीपर म्हणतात. एकाचे तास भरले की दुसऱ्याचे सुरू होतात, त्यामुळे ट्रक जवळजवळ थांबतच नाही. घाईचा माल अशाच जोड्यांना मिळतो. आमचा रस्ता ठरलेला होता: मिशिगनहून मोटारीचे सुटे भाग घेऊन टेक्सासच्या लारेडोला जायचं आणि तिकडून भरून यायचं.

ते माझे सुखाचे दिवस. पाळी बदलताना काकू स्लीपरमधून केस बांधत बाहेर यायच्या, थर्मासमधला चहा झाकणात ओतून काकांना द्यायच्या आणि माझ्या पडद्यावर आपलं नाव दाबायच्या. "शशी, गाशा गुंडाळ. आता माझं राज्य." मी पिवळी झाले की त्या मला पाहून सांगायच्या, बाई गं, कळलं. मला उद्देशून 'बाई गं' म्हणणारी त्या सबंध महामार्गावर ती एकच बाई असेल. काका कुरकुरायचे, आई काढायचे, पण थांबायचे. एकदा मिसुरीतल्या वजनकाट्यावर तपासणी झाली. तिथल्या अधिकाऱ्यानं माझ्या नोंदी उतरवून घेतल्या, वरखाली पाहिल्या आणि म्हणाला, तुम्ही दोघं अगदी घड्याळासारखे आहात.

गाडी सुरू झाल्यावर काकू म्हणाल्या, "घड्याळ मी. तू नुसता काटा."

दसऱ्याला यार्डात सगळ्या ट्रकची पूजा व्हायची. इंजिनाला झेंडूची माळ, टायरखाली लिंबं. पहिल्या वर्षी काकूंनी हळदकुंकवाची बोटं माझ्या चौकटीलाही लावली. विनय हसला, वहिनी, याला कशाला, हा तर सरकारी हेर. काकू म्हणाल्या, हत्यारांची पूजा असते ना, मग हेही हत्यारच आहे, वेळेचं. कुंकवाचा तो ठिपका माझ्या कोपऱ्यात बरेच महिने होता. मला काही कळत नाही, पण तो गेला तेव्हा कळलं.

मग एका मार्चमध्ये, घरी फोडणी करता करता, काकूंना फिटचा झटका आला. शुद्ध गेली. शेजारी धावून आले म्हणून पुढचं निभावलं. हे मला काकांच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं, कारण काका ट्रकमध्ये फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. औषधं सुरू झाली. काकू चालू लागल्या, स्वयंपाक करू लागल्या, पहिल्यासारख्या टोमणेही मारू लागल्या. पण ट्रक चालवायला डॉक्टरांचं एक मेडिकल कार्ड लागतं. ते त्यांना आता मिळणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, निदान बरीच वर्षं तरी नाही, पुढचं पुढे बघू.

या वाक्यातलं 'पुढचं पुढे बघू' एवढंच सगळ्यांनी ऐकलं.

नियमानं त्याच दिवशी काकूंचं नाव माझ्यातून काढायला हवं होतं. ते काम एका क्लिकचं. देवयानीनं विचारलंही. पण विनय म्हणाला, राहू दे गं, वहिनी बऱ्या होऊन यायच्यात, आत्ताच नाव काढायचं म्हणजे अशुभ वाटतं. देवयानीलाही तसंच वाटलं. जिवंत माणसाचं नाव कुठूनही खोडायचं म्हटलं की आपल्या माणसांचा हात थांबतो. आजारी माणसाचं तर नाहीच. तेव्हा माझ्या पडद्यावर दोन नावं तशीच राहिली. शशिकांत: चालवत आहे. सुनेत्रा: सुट्टी.

काका एकटे फिरू लागले. बाजूच्या सीटवर काकूंची उशी आणि स्टीलची पाण्याची बाटली होती. त्या त्यांनी हलवल्या नाहीत.

पहिला प्रसंग टेनेसीतल्या एका कारखान्यात घडला. माल उतरवायला ट्रक धक्क्याला लावला आणि तिथल्या लोकांनी अर्धा दिवस ताटकळत ठेवला. बसून राहिलं तरी चौदा तासांचं घड्याळ थांबत नाही. माल उतरला तेव्हा मी लाल झाले होते आणि कारखान्याचा माणूस म्हणत होता, गाडी काढा. मित्रांनो, अशा वेळेसाठीही नियमात वाट आहे. कारण लिहून जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत ट्रक नेता येतो आणि तिथे झोपता येतं. काकांना ती वाट माहीत होती. पण पुढचा माल घाईचा होता, जोडीचा होता, आणि विनयनं तो जोडीच्याच नावावर घेतला होता. काकांचं बोट थोडा वेळ हवेत राहिलं. मग त्यांनी काकूंचं नाव दाबलं. पासवर्ड त्यांना पाठ होता, कारण दोघांचेही पासवर्ड काकूंनीच ठेवलेले होते.

मी हिरवी झाले. मी लिहिलं: शशिकांत, स्लीपरमध्ये. सुनेत्रा, चालवत आहे.

आता माझं एक छोटं रूप काकूंच्या फोनमध्येही राहतं. ड्रायव्हरनं रोज आपली आदल्या दिवशीची नोंद वाचून 'मान्य' असं दाबायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोव्हायच्या त्या स्वयंपाकघरात काकूंना विचारलं: काल तुम्ही टेनेसी आणि अर्कान्सामध्ये गाडी चालवली, नोंद बरोबर आहे का? मी बराच वेळ वाट पाहिली. मग त्यांनी 'मान्य' दाबलं. आणि लगेच ट्रकमधला फोन वाजला.

"काल बरंच चालवलं की रे मी."

काका म्हणाले, "हो ना. दमली असशील."

दोघंही हसले. ते हसणं किती तरी दिवसांनी आलं होतं, म्हणून त्याला कुणी अडवलं नाही.

मग ती रीतच पडली. काकू सकाळी चहा घेऊन बसायच्या, 'मान्य' दाबायच्या, फोन करायच्या आणि विचारायच्या, मी कुठे आहे आज? काका त्यांना सांगायचे. मिसिसिपीचं पाणी चढलंय. टेक्सासच्या हद्दीत रस्त्याच्या कडेला निळी फुलं आलीत. तुझ्या त्या ट्रक स्टॉपवरची म्हातारी कॅशियर तुला विचारत होती. काकू ऐकत राहायच्या. झटक्यानंतर त्यांना साधी मोटारही चालवायची परवानगी नव्हती. कुणी न्यायला आलं तर दुकानात जायचं, नाही तर खिडकीतून समोरच्या घराचं गॅरेज बघायचं. माझ्यातले ते तास त्यांचं बाहेरचं जग होतं. हे मी समजू शकते. मी स्वतः एका वायरला बांधलेली आहे.

पण ते तास कुणाच्या तरी अंगातून येत होते, मित्रांनो. काकूंच्या नावावर लिहिलेला प्रत्येक तास काकांच्या डोळ्यांतून कापलेला होता. आधी अडचणीपुरतं होतं, मग आठवड्यातून दोनदा, मग जवळजवळ रोज. माझ्या लेखी काका स्लीपरमध्ये गाढ झोपलेले असत. प्रत्यक्षात ते माझ्यासमोर बसून स्वतःच्या गालावर चापट्या मारत असत, खिडकी उघडून थंड हवा तोंडावर घेत असत, आणि मोठ्यानं पाढे म्हणत असत. एकोणतीसचा पाढा त्यांना येत नाही. तो ते पुन्हा पुन्हा म्हणत. मला एकाच गोष्टीची भीती होती. हा माणूस एक दिवस चालत्या ट्रकमध्ये झोपणार, आणि मी फक्त ते लिहिणार.

हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांना होतं. देवयानीच्या पडद्यावर सगळं दिसायचं. एका शनिवारी मंडळाच्या हळदीकुंकवात काकू तिच्या शेजारी बसून हरभऱ्याची ओटी भरत होत्या, आणि माझ्या नोंदीत त्याच वेळी त्या टेक्सारकानाला डिझेल भरत होत्या. देवयानीनं एकदाच विषय काढला. म्हणाली, काका, काकूंच्या लॉगचं जरा बघायला हवं. काका म्हणाले, "तुझ्या काकूचं नाव तू काढणार आहेस का?" ती म्हणाली, नाही नाही, तसं नाही. त्यानंतर ती फोन करायची तेव्हा विचारायची, काका, जेवलात का? विनयला नवी जोडी मिळत नव्हती आणि घाईचा माल तर हवा होता. तोही विचारायचा, शशीदादा, जेवणाचं काय करता? काकांची मुलगी रुचा जर्सी सिटीत राहते. ती संध्याकाळच्या ट्रेनमधून फोन करायची, "बाबा, आर यू ईटिंग प्रॉपरली?" नोव्हायपासून जर्सी सिटीपर्यंत सगळ्यांना काकांच्या पोटाची काळजी होती. डोळ्यांबद्दल कुणी विचारलं नाही.

माझेही दिवस फिरले. काकू मला दर गुरुवारी ओल्या फडक्यानं पुसायच्या, ते बंद झालं. धूळ बसली, कोपऱ्याला चीर गेली. माझं पिवळं-लाल होणं काकांना सहन होईना, म्हणून त्यांनी स्लीपरमध्ये पडलेली काकूंची ओढणी माझ्यावर टाकली. विनय म्हणायचा, हे मॉडेल आता जुनं झालं, नवीन घेऊ. त्या वर्षीच्या दसऱ्याला इंजिनाला माळ घातली गेली, टायरखाली लिंबं ठेवली गेली. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. ओढणीखालून मी टुंग टुंग करत राहिले.

मग तो दिवस आला. अर्कान्सामधला सरळ रस्ता, डोक्यावर ऊन, आकाश स्वच्छ. काकांचे स्वतःचे तास कधीच संपले होते. माझ्यात काकू चालवत होत्या. एकोणतीसचा पाढा मधेच थांबला. मला वाटलं, आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील. ट्रक उजवीकडे सरकू लागला. रस्त्याच्या कडेला खाचा असतात, त्यावर टायर गेला की घरघर होते. ती घरघर झाली, आणि काकांनी डोळे उघडले. पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. नारिंगी जाकीट घातलेली एक बाई हातात थांबण्याची पाटी घेऊन उभी होती. काकांनी सगळा जीव ब्रेकवर दिला. माझ्यावरची ओढणी उडाली. उशी खाली पडली, बाटली गडगडत पायाशी आली. ती बाई पाटी टाकून बाजूला पळाली.

ट्रक थांबला. पाटी पुढच्या चाकाला टेकली होती.

थोड्या वेळानं ती बाई आली, पायरीवर चढली आणि काचेतून आत पाहिलं. ती रागावली नाही. तिनं विचारलं, "यू ओके, हनी?" काकांनी मान डोलावली. तिनं बाजूच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग पुन्हा काकांकडे, आणि उतरून आपली पाटी उचलायला गेली.

असा जोराचा ब्रेक लागला की मी चालवणाऱ्याला विचारते, तुम्ही ठीक आहात का? खाली दोन बटणं असतात, हो आणि नाही. आणि माझ्या लेखी चालवत होत्या सुनेत्राकाकू. म्हणून तो प्रश्न काकांना नाही, नोव्हायच्या किराणा दुकानात मेथीची जुडी निवडत असलेल्या काकूंच्या फोनवर गेला. जोराचा ब्रेक लागला. सुनेत्रा, तुम्ही ठीक आहात का?

ट्रकमधला फोन लगेच वाजला.

"शशी, ब्रेक कुणी मारला?"

"अगं, रस्त्याचं काम चाललंय पुढे. काही नाही."

"मला विचारतंय ते, मी ठीक आहे का म्हणून."

"मग सांगून टाक ना, ठीक आहे."

मागे दुकानातलं गाणं ऐकू येत होतं. कुणीतरी कोथिंबिरीचा भाव विचारत होतं. मग काकू म्हणाल्या, "काय दाबू मी?"

"हो दाब."

त्यांनी हो दाबलं नाही. नाहीही दाबलं नाही. फोन बंद झाला. उत्तर आलं नाही की माझा प्रश्न तसाच उघडा राहतो, ट्रकमध्ये, फोनवर आणि ऑफिसातही. देवयानीचा फोन आला. तिचा आवाज बारीक झाला होता. "काका," ती म्हणाली, आणि थांबली. मग म्हणाली, "जेवलात का?"

काकांनी पुढच्याच ट्रक स्टॉपला गाडी लावली आणि ते झोपले. दुसऱ्या दिवशी ते आपल्याच नावावर, आपल्याच तासांत निघाले. पण माझ्या पडद्यावर काकूंचं नाव होतंच, आणि त्याखाली तो प्रश्न.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू म्हणते, मला जपा, मला पुसून ठेवा. मी तसं म्हणणार नाही. मी जुनी झाले आहे, मला काढलं तर दुसरी येईल, तीही टुंग टुंग करेल. पण तुमच्या घरात कुणी थकलेलं असेल तर त्याच्या डोळ्यांकडे बघा. आणि घरातली सगळी मोठी माणसं एकमेकांना सारखं 'जेवलास का, जेवलीस का' एवढंच विचारत असतील, तर समजा की त्यांना दुसरं काहीतरी विचारायचं आहे आणि धीर होत नाही. तुम्ही लहान आहात. तुम्ही विचारू शकता. मला फक्त लिहिता येतं.

ट्रक नोव्हायला परतला तेव्हा यार्डात बर्फाचा चिखल झाला होता. देवयानी काकूंना आपल्या गाडीतून घेऊन आली. आजारानंतर काकू पहिल्यांदाच ट्रकपाशी येत होत्या. विनयनं हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. दांडी धरून, मधे एकदा दम खाऊन, त्या तीन पायऱ्या चढल्या आणि बाजूच्या सीटवर बसल्या. उशी झटकली. बाटली हलवून पाहिली, आत जुनं पाणी होतं. मग ओढणीच्या टोकानं त्यांनी माझा पडदा पुसला. मी किती दिवसांनी स्वच्छ झाले.

काका स्टिअरिंगवरच बसून होते. विनय आणि देवयानी खाली दाराशी. काकूंनी बेसनाचे लाडू आणले होते, तो डबा हातोहात फिरला. विनयनं लाडू छान झालेत म्हटलं. मग घसा साफ करून म्हणाला, लारेडोचा पुढचा माल तयार आहे, घाईचा, पण वहिनी आता हिंडू-फिरू लागल्यात, तर उन्हाळ्यापर्यंत काय ते... त्यानं वाक्य सोडून दिलं. काका म्हणाले, हो, डॉक्टर म्हणालेत, पुढचं पुढे बघू. देवयानी चिखलाकडे बघत राहिली.

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नावाखाली माझा प्रश्न अजून उघडा होता. तुम्ही ठीक आहात का? त्यांनी बोट उचललं आणि शांतपणे 'नाही' दाबलं. मी ते लिहून घेतलं.

"विनय, मी उन्हाळ्यात येणार नाहीये," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, भाजी संपलीय म्हणून सांगावं तसा. "पुढच्या उन्हाळ्यातही नाही. देवयानी, माझं नाव काढ. अशुभबिशुभ काही नसतं. मी इथेच बसलेय, बघ."

काका म्हणाले, "सुनेत्रा, अगं, एवढं काय..."

"मलाही आवडायचं रे, मी कुठे आहे ते ऐकायला. रोज सकाळी मीच 'मान्य' म्हणत होते." काकूंनी ओढणीची घडी केली आणि मांडीवर ठेवली. मग त्यांनी काकांच्या डोळ्यांत पाहिलं, थेट.

"मी आता कधीच ट्रक चालवणार नाही, शशी. आणि तू माझ्या नावावर मरायला निघाला होतास."